व्हीली शिकवणारा एकदिवसीय वर्ग: पैसे द्यायचे ते उजव्या पायासाठी

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतली मंडळी मोकळी होतील. व्हीली म्हणजे पुढचं चाक हवेत उचलून नुसत्या मागच्या चाकावर मोटरसायकल चालवणं. ते शिकवणारा हा वर्ग करण्यासारखा आहे, पण जाहिरातीत जे दाखवतात त्यासाठी नाही. जाहिरातीत गाडी आभाळाकडे तोंड करून उभी असते आणि वरचा स्वार एका हाताने टाटा करत असतो. संध्याकाळपर्यंत तसं कुणालाच येत नाही. आमच्या तुकडीत केवळ रील काढायला आलेला एक मुलगा होता, त्यालाही आलं नाही. येतं ते वेगळंच. पुढचं चाक वर गेलं की उजवा पाय आपणहून ब्रेकवर पडायला लागतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मित्राच्या गाडीवर, रिकाम्या रस्त्यावर हेच शिकायला गेलात तर पहिला धडा बहुतेक पाठीवर पडूनच मिळतो.

मी चाळिशी ओलांडलेली बाई. बरीच वर्षं मोटरसायकल चालवते, डांबरावर आणि कच्च्यावर दोन्हीकडे. चारचौघांत गाडी उचलून दाखवायची हौस मला कधीच नव्हती. पण कच्च्या वाटेवर आडवं खोड पडलेलं असतं, मधेच पाण्याने चर पाडलेला असतो, तिथे पुढचं चाक वीतभर उचलून पलीकडे ठेवता आलं तर निम्म्या अडचणी संपतात. दुसरं म्हणजे माझी सध्याची गाडी जोरात निघाली की पुढून हलकी होते आणि त्या क्षणी पोटात गोळा येतो. तो गोळा का येतो आणि त्या वेळी हातापायांनी नेमकं काय करायचं, हे मला माहीत करून घ्यायचं होतं. परीक्षण वाचताना हे ध्यानात ठेवा. स्टंट करायचे असतील तर तुमचा हिशेब वेगळा असेल.

वर्ग बंद आवारात असतो. लांबलचक काँक्रीटची पट्टी, शेवटी थांबायला भरपूर जागा, दोन्ही कडांना शंकू. आत शिरल्या शिरल्या कागदावर सही घेतात, त्यात थोडक्यात लिहिलेलं असतं की मोडलं तर तुमचं तुम्ही बघा. कागद नीट वाचा. गाडीच्या नुकसानीची जबाबदारी कुणाची, ही ओळ बारीक अक्षरात तळाशी होती. आमच्याकडे लिव्हर आणि इंडिकेटर शिकणाऱ्याच्या माथी होते, बाकीचं त्यांचं. हे मला रास्त वाटलं.

स्वतःची गाडी आणू देत नाहीत. सुरुवातीला राग आला, नंतर पटलं. त्यांच्या गाड्या लहान, एका सिलिंडरच्या, एअर-कूल्ड, सरळ हँडलच्या. मागे मूळच्यापेक्षा बरेच जास्त दात असलेलं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बसवलेलं. त्यामुळे वेग कमी राहतो आणि ओढ जास्त मिळते. मागच्या टायरात हवा थोडी कमी, एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पत्ता नाही, आरसे काढून ठेवलेले. दिसायला भंगार, पण कामाला चोख.

सकाळी फळ्यावर तास होतो. मला वाटलं होतं आता दोन तास बडबड ऐकावी लागणार, पण दिवसातला सगळ्यात दाट मजकूर तिथेच मिळाला. प्रशिक्षक पंचविशीतला असेल. त्याने गाडीचं चित्र काढलं, स्वारासकट वजनाचा मध्य एका टिंबाने दाखवला आणि दोन रेघा ओढल्या. एक त्या टिंबापासून खाली जमिनीपर्यंत, दुसरी जमिनीवरून मागच्या टायरपर्यंत. या दोन रेघा समान लांबीच्या असतील तर नुसत्या इंजिनच्या जोरावर चाक उचलायला गाडीला एका जीएवढा, म्हणजे दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवावा लागतो. लहान गाडीच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. म्हणून तिथे क्लचचा झटका आणि पुढच्या फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्यांची, उसळी लागते. मोठ्या, ताकदवान गाडीला पहिल्या गिअरमध्ये रेस पुरते, आणि तिच्यावर शिकणं घातक का, तेही यातच आलं.

त्यानंतर त्याने जे सांगितलं तिथे माझे कान टवकारले. चाक एकदा सुटलं की वजनाचा मध्य मागे सरकत जातो आणि गाडी वर ठेवायला लागणारा जोर कमी कमी होत जातो. म्हणजे सुरुवातीला दिलेली रेस तशीच धरून ठेवली तर चाक एकसारखं वर जात नाही, जितकं वर जाईल तितक्या झपाट्याने पुढे वर जातं. टिंब मागच्या टायरच्या बरोबर डोक्यावर आलं की तो बॅलन्स पॉइंट. त्याच्या चित्रातल्या गाडीसाठी तो ४५ अंशांवर येतो. तिथे तत्त्वतः जोर शून्य लागतो, आणि त्याच्या पलीकडे गेलं की गाडी स्वतःच्या वजनाने मागे पडायला बघते. तिथे रेस बंद करूनही फारसं काही हाती लागत नाही. क्लच दाबला तर त्याहून वाईट, कारण इंजिनचा जो थोडाफार अटकाव होता तोही जातो. मग उरतो फक्त मागचा ब्रेक. मागचं चाक धरलं की गाडीचा खालचा भाग अडतो, वरचा पुढे येतो आणि चाक खाली उतरतं.

इतकी वर्षं मी मागच्या ब्रेककडे उतारावरचा मदतनीस म्हणून बघत होते. व्हीलीत सुकाणू त्याच्याच हातात असतं. रेसने वर न्यायचं आणि ब्रेकने किती वर ते ठरवायचं.

पुढचा भाग यंत्राचा. एक गाडी लोखंडी सांगाड्यात पक्की बसवलेली, मागचं चाक रोलरवर, पुढचं मोकळं, आणि ठरलेल्या उंचीपलीकडे जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना जाड पट्टे. बसायचं, रेस द्यायची, पुढचं वर येतं, ब्रेक दाबायचा, खाली येतं. प्रशिक्षक बाजूला हातात बंद करायचं बटण घेऊन उभा.

या यंत्राबद्दल माझं मत दोन्हीकडे झुकतं. पायाला सवय लावायला ते उत्तम. भीती अजिबात नसते, त्यामुळे डोकं शांत राहतं आणि चाक वर, पाय खाली ही जोडी अंगात मुरते. पण हाताला ते खोटं शिकवतं. रोलर सुस्त असतो. रेस दिली की जरा थांबून वर येतं, तेवढी उसंत खऱ्या गाडीवर मिळत नाही. शिवाय गाडी पुढे जात नाही, डावी-उजवीकडे कलत नाही, वारा नाही. यंत्रावर छान जमलेली मंडळी गाडीवर बसल्यावर पहिल्या झटक्यातच भांबावली, कारण त्यांचा हात तिथल्याइतकी रेस द्यायला लागला होता. माझं ऐकाल तर यंत्रावर हाताकडे लक्षच देऊ नका, सगळं ध्यान उजव्या पायावर ठेवा. प्रशिक्षकाने हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

आता बारीक वाटणारी पण माझ्या मते या अख्ख्या परीक्षणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. यंत्रावर बसले तेव्हा माझा पाय ब्रेकवर नीट बसेना. टाच फुटरेस्टवर ठेवली की पंजा पेडलच्या बराच वर तरंगायचा, ब्रेक लावायचा म्हणजे अख्खा पाय खाली ढकलायचा. माझी पावलं लहान आहेत आणि पेडल उंच माणसाच्या बुटाच्या हिशेबाने लावलेलं होतं. शिवाय सीटवरून मागे सरकलं की पाय अजूनच लांब जातो, आणि व्हीलीत माणूस मागे सरकतोच. मी मेकॅनिकच्या मुलाला हाक मारली. तो म्हणाला, "मॅडम, सगळे असंच चालवतात." मी म्हटलं, "सगळ्यांचे पाय माझ्याएवढे नाहीत, बाळा." त्याने हसत पाना आणला, चेकनट ढिला केला, पेडल वर घेतलं, मोकळा खेळ तपासला, मागचा दिवा वेळेवर लागतोय का बघितलं आणि नट परत कसला. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर पंजा पेडलवर अलगद टेकून राहायला लागला, दाबायला फक्त घोटा हलवावा लागत होता. माझ्यामागून आलेल्या दोघी-तिघींनीही मग तेच करून घेतलं. तुम्ही कुठेही शिका, गाडी हलवण्याआधी हे करा. ब्रेक पायाखाली नसेल तर पुढचं सगळं नशिबावर.

मग प्रत्यक्ष गाडी. इथे दोन संरक्षणं आहेत. पहिलं म्हणजे मागे बसवलेला नळीचा दांडा, टोकाला दोन छोटी चाकं. गाडी फार मागे गेली की ही चाकं जमिनीला टेकतात आणि उलटी होऊ देत नाहीत. दुसरं म्हणजे सीटखालची डबी. तिच्यात कोन मोजणारा सेन्सर आहे, ठरवलेल्या कोनापलीकडे नाक गेलं की इग्निशन तुटतं. कोन डबीवरच्या खटक्याने कमी-जास्त होतो. सुरुवातीला अगदी कमी ठेवतात आणि माणूस बघून वाढवतात.

दांड्याने मनावरचं ओझं उतरतं, हे खरं. मागे उलटणार नाही हे शरीराला कळलं की खांदे सैल पडतात. गाडी उचलताना माणूस मागे फेकला जातो, हात हँडलला लटकतात, आणि लटकलेला हात मनगटातून खाली वळतो. वळला की रेस आणखी उघडते. मग गाडी आणखी वर, हात आणखी ताणलेला. भीतीने माणूस घट्ट धरतो आणि नेमकं घट्ट धरल्यानेच उलटतो. यावर उपाय बसण्यात आहे. गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपर बाहेर, आणि निघण्यापूर्वीच मूठ अशी पकडायची की मनगट जरा वर राहील. म्हणजे मागे गेलात तरी हात रेस पिळू शकत नाही. प्रशिक्षक प्रत्येक फेरीआधी माझ्या मनगटाला टिचकी मारून बघायचा. "ताई, टाकी गुडघ्यात. हात रिकामे." एवढं बोलून बाजूला व्हायचा. हा पोरगा बोलायला कमी आणि बघायला पक्का. माझ्या मते वर्गाचे निम्मे गुण त्याच्या डोळ्यांचे.

क्लचबद्दल मात्र त्याचं सांगणं अपुरं पडलं. "क्लच सोडा" एवढंच तो म्हणायचा. कोणी हळूहळू सोडायचं, गाडी नुसती पळायची. कोणी चारही बोटांनी फेकायचं, गाडी गचका खाऊन थोडी उचलायची आणि आपटायची. जमायला लागलं ते असं: दुसरा गिअर, पळत्या माणसाच्या आसपास वेग, एका बोटाने क्लच आत, त्याच वेळी रेस वाढवायची, आणि बोट लिव्हरच्या टोकावरून निसटू द्यायचं. त्याच्या क्षणभर आधी वजन पुढे टाकून फोर्क दाबायचे. ते उसळी घेऊन वर येतात त्याच वेळी क्लच निसटला पाहिजे. उसळी आणि झटका एकत्र आले की रेस फार लागत नाही, चाक अलगद सुटतं. एक आधी आणि एक नंतर आला की नुसता गोंधळ. पहिल्या गिअरमध्ये सगळं फार चिडखोर होतं, रेस केसभर हलवली तरी गाडी उडी मारते. मोठ्या स्प्रॉकेटमुळे तर दुसरा गिअरच बरा. हे मला फळ्यावर ऐकायला आवडलं असतं. त्याऐवजी तुकडीतल्या एका जुन्या एन्ड्युरोवाल्याने, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या लांब शर्यती करणाऱ्याने, रांगेत उभं असताना सांगितलं.

डबीबद्दल तक्रार आहे, आणि जरा सविस्तर मांडते कारण ही कल्पना बऱ्याच ठिकाणी वापरतात. कोन ओलांडला की इंजिन एकदम गप्प होतं. इंजिन गप्प म्हणजे ओढ गेली, आणि ओढ गेली की नाक दगडासारखं खाली येतं. फोर्क तळाला आदळतात, हँडलमधून दणका थेट खांद्यात. सुरक्षित आहे, वादच नाही. उलटण्यापेक्षा आपटणं केव्हाही परवडलं. पण उतरणं हा निम्मा खेळ आहे. चांगली व्हीली संपते ती अशी: ब्रेकने नाक खाली आणायचं, जमिनीच्या जवळ आलं की ब्रेक सोडून थोडीशी रेस द्यायची, म्हणजे चाक टेकतं, आदळत नाही. हँडल सरळ असायला हवं, नाहीतर टेकताच पुढचं वळवळतं. डबी हे सगळं करायची संधीच देत नाही. दर वेळी तीच संपवणार असेल तर माणसाला संपवायचं शिकताच येत नाही. उरलेली फेरी मग मी कोनाच्या बऱ्याच खालीच ठेवली, मुद्दाम. चाक कमी उंच गेलं, पण खाली माझ्या पायाने आलं. तेव्हा कुठे टायर टेकताना तो बारीकसा चिर्र आवाज आला, दणका नाही.

त्यांच्या गाड्यांच्या फोर्कवर एक नजर टाका म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. मधल्या सुट्टीत बसून बघितलं. दोन्ही नळ्यांवर सीलच्या थोडं वर तेलाचं चकचकीत कडं, त्यावर धुळीची काळी रेघ. ऑइल सील गेलेत, आणि ते अशाच आपटण्याने जातात. कोनसेटचंही, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचंही, तेच होणार. मेकॅनिकचा मुलगा मात्र कामसू. सुट्टीत प्रत्येक गाडीची चेन बोटाने वर-खाली करून सैल किती ते बघत होता, क्लच वायरचा खेळ तपासत होता, आणि तेलाची पातळी काचेतून वाकून बघत होता. तेलाचं कारण विचारलं तर त्याने झटकन सांगितलं: नाक वर गेलं की तेल मागे साचतं, तेल ओढणारं तोंड उघडं पडलं तर पंप हवा ओढतो आणि आतले भाग कोरडे फिरतात. छोट्या उड्यांना काही होत नाही, लांब व्हीलीला होतं. म्हणून पातळी कधीच खाली जाऊ देत नाहीत. घरी जाऊन स्वतःच्या गाडीवर सराव करायचा विचार असेल तर हे लक्षात असू द्या. क्लच प्लेटा, चेन, सील, कोनसेट, सगळ्यांचं आयुष्य घटतं.

स्वतःच्या गाडीचा विषय निघालाच आहे तर इलेक्ट्रॉनिक्सबद्दल चार शब्द, कारण तुकडीतल्या निम्म्या लोकांचा गैरसमज होता. २०१५ च्या यामाहा आर१ मध्ये सहा अक्षांचं मोजमाप करणारा आयएमयू आला आणि पाठोपाठ महागड्या गाड्यांत ही चीज रुळली. गाडी किती वर आहे, किती कलली आहे हे तिला सतत कळत असतं, आणि नाक फार वर गेलं की ती थ्रॉटल किंवा इग्निशन आवरते. याला व्हीली कंट्रोल म्हणतात. नाव ऐकून लोकांना वाटतं हे व्हीली मारायला मदत करतं. त्याचं काम व्हीली होऊ न देण्याचं किंवा मर्यादेत ठेवण्याचं. हे बंद केलं तरी ट्रॅक्शन कंट्रोल चालू असेल तर बऱ्याच गाड्यांत तेही आडवं येतं. पुढचं चाक हवेत मंदावतं, मागचं फिरतंय, गाडीला वाटतं मागचं घसरतंय आणि ती जोर काढून घेते. काही गाड्यांना लांब व्हीलीनंतर दोन चाकांच्या वेगातल्या फरकामुळे एबीएसचा दिवा लागतो. मला हे आधी माहीत होतं म्हणून ठीक. वर्गात यावर एक वाक्य नाही, आणि शिकून बाहेर पडणारा माणूस आपल्या गाडीवर याच भिंतीला धडकणार आहे.

दुपारनंतर एक कार्यक्रम असतो: प्रशिक्षक मोठ्या गाडीवर पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाक वर ठेवून जातो, मग हवं त्याला मागे बसवून नेतो. टाळ्या पडतात, मोबाईल निघतात. मी बसले नाही. मागे बसून काय शिकणार? त्या वेळात आमच्यापैकी प्रत्येकाच्या आणखी काही फेऱ्या झाल्या असत्या. हीच माझी मुख्य तक्रार. गाड्या दोन आणि माणसं त्या मानाने फार. उन्हात पूर्ण कपड्यांत रांगेत उभं राहायचं, पाळी आली की एक फेरी, परत रांग. पायाची सवय लावायला लागोपाठ फेऱ्या हव्यात. थंड होऊन परत बसलं की पहिली फेरी वाया जाते. तुकडी निम्मी केली तर मी दीडपट पैसे हसत देईन.

भाड्याच्या सामानाबद्दलही बोलायलाच हवं. जॅकेट आणि निगार्ड ठीक, पण हेल्मेटची आतली गादी आधीच्या माणसाच्या घामाने ओली होती. बूट तर ठेवतच नाहीत. ज्या खेळात सगळं पावलावर आहे तिथे लोक कापडी बुटात उभे. घोटा झाकणारा, टाच असलेला बूट आपला आपण घेऊन जा. सोल फार जाड असेल तर पेडल जाणवत नाही, तेही बघा. पाठीचं गार्ड असेल तर न्याच, तेही तिथे मिळत नाही.

फळ्याच्या तासात विक्रमांचा विषय निघाला होता. बाकी मुलं वेगाचे आकडे विचारत होती. मला मात्र जपानच्या यासुयुकी कुडोचा आकडा जास्त बोलका वाटला. ५ मे १९९१ ला त्याने होंडा टीएलएम २२० आर या हलक्या ट्रायल्स गाडीवर (अडथळे पार करायच्या स्पर्धेची गाडी) ३३१ किलोमीटर मागच्या चाकावर कापले. त्याआधी १९८४ मध्ये अमेरिकेच्या डग डोमोकोसने टॅलाडेगाच्या रेसट्रॅकवर १४५ मैल, म्हणजे सुमारे २३३ किलोमीटर काढले होते. कुडोची गाडी काही राक्षसी ताकदीची नव्हती. तासन् तास बॅलन्स पॉइंटच्या आसपास राहायचं म्हणजे रेसचा कण आणि ब्रेकचा कण, बस. ताकद लागते ती चाक वर न्यायला, आणि तीही लहान गाडीत क्लच भरून काढतो. हा मुद्दा प्रशिक्षकाने नेमका पकडला असता तर मोठी गाडी कधी देणार असं विचारणाऱ्यांची तोंडं तिथेच बंद झाली असती.

शेवटच्या टप्प्यात दांडा काढतात, डबी राहते. दांडा काढल्यावर मागचं वजन कमी होतं आणि गाडी वेगळी वागते, मूठभर जास्त चपळ. इथे कडेला सरकण्याचा प्रश्न उभा राहतो. चाक वर असताना हँडल फिरवून दिशा बदलत नाही. गुडघ्याने टाकी ढकलायची, फुटरेस्टवर वजन टाकायचं. नजर शंकूवर गेली की गाडी शंकूकडे जाते. "लांब बघा ताई, लांब" हे वाक्य मी दिवसभरात इतकं ऐकलं की झोपेतही ऐकू येईल. माझ्या उड्या अखेरपर्यंत छोट्या राहिल्या, दोन-तीन गाड्यांच्या लांबीएवढ्या. पण प्रत्येक उडी पायाने संपली. त्या मापाने मी खूष आहे.

प्रमाणपत्र देतात, चकचकीत कागदावर, हवेतल्या गाडीच्या फोटोसह. फोटो नेमका त्या क्षणी काढतात जेव्हा डबी इंजिन तोडणार असते, कारण तेव्हाच चाक सगळ्यात उंच असतं. म्हणजे माझ्या फोटोतली मी वर्गातली माझी सगळ्यात वाईट उडी मारत आहे.

कोणी जावं? ज्याला गाडी सराईत चालवता येते, क्लच-ब्रेककडे न बघता ते वापरता येतात, आणि उलटायची भीती खरीखुरी आहे, त्याने जावं. कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्यांनी तर जावंच. ज्याने गाडी नुकतीच शिकली आहे त्याने थांबावं. पाठ किंवा मनगट दुखरं असेल तर डबीचे दणके सोसणार नाहीत. नाव नोंदवताना तीन प्रश्न विचारा: तुकडीत किती जण, गाड्या किती, आणि कोन सुरुवातीला किती ठेवता. तिसऱ्याचं उत्तर देता आलं नाही तर पैसे भरू नका. हे सगळं बंद आवारातच, तेही स्वतंत्र सांगायला नको, पण रांगेतल्या त्या रीलवाल्या मुलाकडे बघून सांगावंसं वाटतं.

पुढचा टप्पा म्हणून दुसऱ्या वर्गाचं पत्रक हातात दिलं आहे: एका हाताची व्हीली, उभं राहून व्हीली, आणि वर्तुळात. मला त्यातलं काही नको. मी हाच पहिला वर्ग परत करणार आहे, आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दी कमी असते तेव्हा, डबीचा खटका कमी कोनावर ठेवून. फोनवर विचारलं तर ते म्हणाले, असं कुणी मागत नाही, पण करू.